डॉग शोला पहिल्यांदाच जाताय? बघायला जाणाऱ्यांनी आणि कुत्रं उतरवणाऱ्यांनी कसं वागायचं

दिवाळी झाली की पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर सगळीकडे डॉग शोचे बॅनर लागायला सुरुवात होते. आपल्याकडच्या उन्हात हस्की नाहीतर सेंट बर्नार्ड मैदानात उभा करणं म्हणजे त्याचा छळच, म्हणून हा सगळा मामला थंडीतच उरकतात. मग रविवारी अख्खं कुटुंब निघतं, पोरं, आजी, शेजारचे काका, आणि आत गेल्यावर कुणालाच नक्की कळत नाही की इथे चाललंय काय आणि आपण कुठे उभं राहायचं. आणि ज्यांनी घरचं कुत्रं पहिल्यांदाच शोमध्ये उतरवलंय त्यांच्या तर पोटात वेगळाच गोळा आलेला असतो. दोघांसाठीही लिहितोय, सोयीचं तेवढं घ्या.

आधी शो कुठला आहे ते बघा

दोन प्रकार असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे एखादं मंडळ, सोसायटी किंवा मॉल भरवतो तो गंमतीचा शो, तिथे सगळ्यात गोड कुत्रा, मालकासारखा दिसणारा कुत्रा, फॅन्सी ड्रेस असं काहीही असतं आणि तुमचा घरचा देशी भाऊही मजेत भाग घेऊ शकतो. दुसरा म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, म्हणजे ज्याला सगळे केसीआय म्हणतात आणि ज्याचं ऑफिस चेन्नईला आहे, त्याच्या नियमांनी होणारा चॅम्पियनशिप शो. तो स्थानिक केनेल क्लब भरवतो, जज बरेचदा परदेशातून येतात, आणि तिथे फक्त पेपर असलेलीच, म्हणजे केसीआयकडे रजिस्टर झालेलीच कुत्री उतरतात. मी पुढे जे सांगतोय ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

या शोमध्ये कुत्री एकमेकांशी लढत नसतात, हे डोक्यात पक्कं बसवा. प्रत्येक ब्रीड कसं असावं याचं एक लेखी वर्णन असतं, त्याला स्टँडर्ड म्हणतात, आणि समोरचं जनावर त्या वर्णनाच्या किती जवळ आहे हे जज बघतो. खिल्लार बैलाच्या प्रदर्शनात शिंगं, वशिंड, खूर, चाल बघतात ना, तसंच. मुळात हे सगळं पैदाशीसाठी चांगलं जनावर निवडायला सुरू झालं, १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसलला शो झाला तेव्हा त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर ही शिकारी कुत्रीच होती. त्यामुळे 'माझा ब्रूनो एवढा हुशार, शेकहँड देतो, तरी त्याला नंबर का नाही' हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

आता वेळेचं गणित. तासाला वीसेक कुत्री बघायची म्हटलं तर एका कुत्र्याच्या वाट्याला ढोबळ मानाने तीन मिनिटं येतात. महिनोन्‌महिन्यांचं खाणं, व्यायाम, ग्रूमिंग, रात्रभराचा प्रवास, सगळं या तीन मिनिटांसाठी. खालचे बहुतेक नियम त्या तीन मिनिटांत कुणी लुडबुड करू नये म्हणूनच आहेत.

फक्त बघायला जात असाल तर

सकाळी जा. लोक चार वाजता उगवतात आणि बेस्ट इन शो बघून घरी जातात, पण खरी मजा सकाळी असते. आधी एकेका ब्रीडमधून एक निवडतात, ते बेस्ट ऑफ ब्रीड, मग ते सगळे आपापल्या ग्रूपमध्ये येतात (लॅब्रेडॉर आणि गोल्डन एका ग्रूपात, रॉटवायलर, बॉक्सर, ग्रेट डेन दुसऱ्यात, पग आणि शित्झू तिसऱ्याच, असं), आणि ग्रूप जिंकलेली शेवटी बेस्ट इन शोसाठी समोर येतात. गेटवर कॅटलॉग मिळत असेल तर घ्या, त्यात नंबरवार कुत्र्याचं नाव, जन्मतारीख, आईबाप, मालक सगळं छापलेलं असतं. हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला जजसमोर फिरवणाऱ्याच्या, दंडावरचा नंबर बघायचा आणि कॅटलॉगमध्ये शोधायचा, म्हणजे शेजारच्याला दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत.

घरचं कुत्रं सोबत नेऊ नका. बहुतेक शोमध्ये एन्ट्री नसलेल्या कुत्र्याला गेटवरच अडवतात, आणि नाही अडवलं तरी नेऊ नका, तीन-चारशे अनोळखी कुत्र्यांच्या वासात आणि लाउडस्पीकरच्या आवाजात त्याला काय सुख मिळणार? लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू तर अजिबात नाही, पार्वो आणि डिस्टेंपरसारखे आजार अशाच गर्दीतून घरी येतात.

हात लावण्याबद्दल. विचारल्याशिवाय नाही, एवढंच. तो पूडल नाहीतर ल्हासा टेबलवर उभा दिसतो ना, त्याच्या मागे कुणीतरी पहाटेपासून ब्लोअर आणि कंगवा घेऊन उभं असतं, तुम्ही प्रेमाने डोक्यावरून हात फिरवलात की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. विचारायची पण वेळ असते. रिंगमध्ये, म्हणजे जज बघतो त्या दोरी लावलेल्या जागेत, जायच्या आधी कुणीही नीट उत्तर देणार नाही, तिरसट वाटेल, पण राग मानू नका, त्यांचं लक्ष नंबर पुकारण्याकडे असतं. त्यांचं जजिंग संपलं, ते खुर्चीत बसून चहा पितायत असं दिसलं की मग जा, 'काका, जरा हात लावू का' म्हणा. याच लोकांना मग स्वतःच्या कुत्र्याबद्दल बोलायला इतकं आवडतं की तुम्हालाच निघता येत नाही.

पोरांना घेऊन जाणार असाल तर गाडीतच सांगून ठेवा, पळायचं नाही, किंचाळायचं नाही, कुत्र्याच्या तोंडाशी तोंड न्यायचं नाही, हातात वडापाव किंवा आइस्क्रीम घेऊन रिंगजवळ जायचं नाही. लहान मुलाचा हात आणि ग्रेट डेनचं तोंड एकाच उंचीवर असतं, आइस्क्रीम गेलं तर रडारड तुमच्याच वाट्याला. मूल जरा मोठं असेल आणि त्याला कुत्र्यांची खरंच आवड असेल तर बऱ्याच शोमध्ये मुलांसाठी ज्युनियर हँडलरची स्पर्धा असते ती जरूर दाखवा, तिथे कुत्र्यापेक्षा मुलाची हाताळणी बघतात.

रिंगच्या दोरीवर रेलायचं नाही, दोरीच्या आत पाय टाकायचे नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिंगच्या तोंडाशी, जिथून कुत्री आतबाहेर करतात तिथे, घोळका करायचा नाही. ही जागा सगळ्यात नाजूक. अरुंद वाटेत दोन मोठे मेल (नर) समोरासमोर आले आणि मध्ये तुम्ही सेल्फी काढत उभे, मग काय होईल ते सांगायला नको.

फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवा. शिट्टी, चुटक्या, 'छू छू', 'मोती मोती', यातलं काहीही नको. तुम्हाला वाटतं कुत्र्याने कॅमेऱ्याकडे बघावं, पण त्या क्षणी त्याने हँडलरकडे बघणं गरजेचं असतं. ओबीडियन्सची रिंग असेल तर आणखी सांभाळून, तिथे कुत्र्याला बस म्हणून सांगून मालक लांब जातो आणि ते हललं की मार्क गेले.

एक अपवाद सांगून ठेवतो नाहीतर गोंधळून जाल. जर्मन शेफर्डचे जे फक्त त्याच ब्रीडचे शो होतात तिथे मालक रिंगच्या बाहेरून पळत, ओरडत, कुत्र्याला हाक मारत जातो आणि ते चालतं, त्यांची तशीच पद्धत आहे. बाकीच्या रिंगमध्ये हाच प्रकार डबल हँडलिंग म्हणून वाईट मानला जातो आणि जज हँडलरला सुनावू शकतो. तुमच्या ओळखीचा कुत्रा आत असेल तर त्याला दिसणार नाही असे उभे राहा, त्याने तुम्हाला ओळखून उड्या मारायला सुरुवात केली तर नुकसान त्याच्याच मालकाचं.

आता बोलण्याबद्दल, आणि इथे मला जरा जास्त लिहायचंय कारण आपली माणसं इथेच चुकतात. 'केवढ्याला घेतला?' हा पहिला प्रश्न नसावा. 'चावतो का?' हाही नसावा. आणि कुठल्याही कुत्र्याबद्दल मोठ्याने शेरे मारू नका, तुमच्या शेजारी उभी असलेली बाई त्याचीच मालकीण असते, दर वेळी, हा जणू निसर्गनियम आहे.

सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागतं ते कारवानवाल्यांना, म्हणजे कारवान हे आपल्याकडचं देशी शिकारी कुत्रं पाळणाऱ्यांना. लातूर, धाराशिव, सोलापूर, जतकडून ही मंडळी येतात, कुत्रं साध्या पट्ट्याला, बरोबर चुलते-पुतणे, जेवणाचा डबा. आणि शहरातली माणसं येऊन म्हणतात, अरेरे, बरगड्या दिसतायत, खायला घालत नाही का? अहो, तो नजरेवर पळणारा शिकारी कुत्रा आहे, ग्रेहाउंड आणि सालुकीच्या जातकुळीतला, लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हेच तब्येतीचं लक्षण. लॅब्रेडॉर बघून बघून आपल्याला गुबगुबीत म्हणजे निरोगी वाटायला लागलंय, खरं तर शोमधले अर्धे लॅब जरा बारीक करायला हवेत (हे माझं मत, भांडायला येऊ नका). आणि कारवान परक्या माणसाने अंगाला हात लावलेला खपवून घेत नाही, तो स्वभावच आहे, शिकलेले जज सुद्धा त्याच्याशी बेताने वागतात. तेव्हा त्याच्यावर वाकून उभे राहू नका, डोळ्यांत डोळे घालून हात पुढे करू नका, दोन पावलं लांबून बघा. मालकाशी बोला मात्र नक्की. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही कुत्री कशी जपली इथपासून ते कुठल्या गावच्या मेलची पिल्लं पळायला चांगली इथपर्यंत सगळं ऐकायला मिळेल, आणि तेही अस्सल बोलीत.

पिल्लू विकत घ्यायच्या मूडमध्ये शोला जाऊ नका. ब्रीडर लोकांना भेटा, त्यांची मोठी कुत्री बघा, नंबर घ्या, घरी जाऊन विचार करा, मग त्यांच्याकडे जाऊन पिल्लाची आई बघा. गेटबाहेर पिशवीत, खोक्यात पिल्लं घेऊन उभे असतात त्यांच्याकडून घेऊ नका, कितीही दया आली तरी.

मैदानावरची भटकी कुत्री असतातच. त्यांना दगड मारू नका आणि रिंगजवळ बिस्किटंही टाकू नका, ती मागे मागे आत येतात आणि मग धावपळ.

कुत्रं उतरवणार असाल तर

तयारी घरूनच सुरू होते. केसीआयचं रजिस्ट्रेशन, मायक्रोचिप, आणि मालक म्हणून तुमचं नाव चढलेलं आहे ना हे आधी तपासा, पिल्लू घेऊन दोन वर्षं झाली तरी पेपर ब्रीडरच्याच नावावर, असं खूप जणांचं असतं. एन्ट्री शोच्या बऱ्याच आधी बंद होतात कारण कॅटलॉग छापायचा असतो, तेव्हा आदल्या रात्री सेक्रेटरीला फोन करून 'बघा ना काहीतरी, ॲडजस्ट करा' असं म्हणू नका. तो माणूस आधीच मंडप, जजचं विमान, जेवण आणि जनरेटरमध्ये बुडालेला असतो. क्लास नीट निवडा, पपी, ज्युनियर, इंटरमिजिएट, ओपन वगैरे, वय शोच्या दिवशीचं धरतात.

कुत्र्याला शिकवायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या एका रात्रीत येत नाहीत. तुमच्या डाव्या बाजूला सैल दोरीवर दुडक्या चालीत पळणं. चारही पाय नीट ठेवून उभं राहणं, ज्याला स्टॅक म्हणतात. आणि परक्या माणसाने तोंड उघडून दात बघणं, पाठ-मांड्या चाचपणं, मेल असेल तर दोन्ही वृषणं जागेवर आहेत का ते हात लावून बघणं, हे सगळं शांतपणे करू देणं. यासाठी सोसायटीतल्या चार मित्रांना रोज दात बघायला लावा. छोट्या ब्रीडला टेबलवर उभं राहायची सवय करा, आणि टेबलवरून उडी मारू देऊ नका.

बॅगेत काय काय: घरचंच पाणी आणि वाटी, क्रेट, ओला टॉवेल, कंगवा-ब्रश, शो लीड (रिंगमध्ये लावायची दोरी), उकडलेलं चिकन लिव्हर बारीक तुकडे करून (यालाच बेट म्हणतात), शी उचलायच्या पिशव्या भरपूर, पेपर रोल, लसीकरणाचं पुस्तक, रजिस्ट्रेशनची झेरॉक्स, फोल्डिंग खुर्ची, छत्री. सकाळी पोटभर जेवायला घालू नका, मोठ्या छातीच्या कुत्र्यांना भरल्या पोटी पळवणं धोक्याचं असतं. वेळेच्या तासभर आधी पोहोचा, आधी एका कडेला फिरवून शी-सू उरकून घ्या, आणि उचला. उचला म्हणजे उचला, माती लोटून झाकणं नव्हे. मैदान कुठल्यातरी शाळेचं नाहीतर कॉलेजचं असतं, आणि घाण राहिली तर पुढच्या वर्षी ते क्लबला मिळत नाही.

सावलीच्या जागेवरून भांडणं होतात. झाडाखालची अख्खी जागा दोरी बांधून आपल्या ग्रूपसाठी अडवू नका, पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आधी सावली द्या, त्यांना उन्हात श्वास घेणं खरंच जड जातं. बंद गाडीत कुत्रं ठेवून जायचं नाही, काच थोडी खाली केली तरी नाही, जानेवारीतल्या दुपारीही नाही.

फिमेल हीटवर (माजावर) असेल तर आधी सेक्रेटरीला विचारा, आणि आणलीच तर मेलच्या गर्दीपासून लांब ठेवा, रिंगच्या तोंडाशी फिरवू नका. ती एकदा त्या गवतावरून गेली की पुढचा अर्धा तास एकही मेल धड चालत नाही, आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

आपला नंबर आपणच ऐकायचा. स्टुअर्ड, म्हणजे रिंगमधला जजचा मदतनीस, तुम्हाला शोधत मांडवभर फिरणार नाही, दोनदा पुकारेल आणि क्लास सुरू होईल. नंबर डाव्या दंडावर लावा, मोबाइल बंद, खिशात चिल्लर किंवा किल्ल्या नकोत, पळताना खुळखुळतात. कपडे नीटनेटके, पळता येईल असे बूट, काळा कुत्रा असेल तर पँट फिकी म्हणजे पाय उठून दिसतात. केनेलचं नाव छापलेला टीशर्ट घालून आत जाऊ नका.

आत गेल्यावर जज बोलेपर्यंत बोलायचं नाही. वय विचारलं तर फक्त वय सांगा, 'सर, याचे वडील चॅम्पियन आहेत' हे सांगणं म्हणजे उघड वशिला लावणं. जज म्हणेल सगळे गोल पळा, किंवा एकट्याने सरळ जाऊन या, किंवा त्रिकोणात पळा. कुत्रं नेहमी जज आणि तुमच्या मध्ये, तुम्ही मध्ये येऊन त्याला झाकू नका. पुढच्यापासून अंतर ठेवा, त्याच्या शेपटीला नाक लावून पळवलं की त्याची चाल बिघडते, आणि काही जण हे मुद्दाम करतात, ते सगळ्यांना दिसतं आणि लक्षात राहतं. तुमचं कुत्रं फास्ट असेल तर पुढच्याला विचारून आधी जायला मिळतंय का बघा, किंवा थोडं थांबून सुटा. लिव्हरचे तुकडे खाली पाडू नका, मागून येणारं प्रत्येक कुत्रं तिथे नाक घालून थांबतं. दुसऱ्याचं कुत्रं जज बघत असेल तेव्हा आपली खेळणी पिपाणीसारखी वाजवत बसू नका.

कुत्रं गुरगुरलं किंवा दुसऱ्यावर गेलं तर हसून 'काही करत नाही हो तो' म्हणू नका. जवळ घ्या, माफी मागा, सावरत नसेल तर जजला सांगून बाहेर पडा. यात काही कमीपणा नाही. आत त्याला फटका मारणं मात्र कुणीही विसरत नाही, जज तर नाहीच.

प्रोफेशनल हँडलर लावला असेल तर पैसे, प्रवास, जिंकलेलं काय कुणाचं, सगळं आधी बोलून घ्या, आणि तो रिंगमध्ये असताना बाहेरून सूचना देऊ नका. त्याच्याकडे तुमच्यासारखे आणखी पाच-सहा मालक असतात, त्यामुळे वेळ आली की कुत्रं तयार करून त्याच्या हातात द्यायचं काम तुमचं.

निकाल लागल्यावर

पहिल्या नंबरला हात मिळवा, जाऊन अभिनंदन करा, मग बाहेर पडा. रिबन तिथेच खाली टाकणं, दोरी हिसकत कुत्र्याला ओढत नेणं, हे प्रकार होतात आणि फार वाईट दिसतात, त्या बिचाऱ्याला तर कळतही नाही काय झालं ते. जजचा निर्णय अंतिम असतो, त्यावर तक्रार चालत नाही. पण नियमांचं काही असेल, चुकीच्या क्लासमध्ये कुत्रं उतरवलं, कुणी कुत्र्याला मारलं, तर शोच्या सेक्रेटरीकडे त्याच दिवशी लेखी द्या. जजशी बोलायचंच असेल तर त्यांचं दिवसाचं जजिंग संपू द्या, मग जाऊन 'सर, माझ्या कुत्र्यात काय कमी वाटलं' असं साधं विचारा, बहुतेक जण मनापासून सांगतात, पुढच्या पायाचा कोन, वजन, दात, काहीतरी ठोस कळतं. शेजारच्याला का दिला असं विचाराल तर दोन शब्दांत बोळवण होईल. आणि घरी जाताना गाडीतून व्हॉट्सॲप ग्रूपवर जजबद्दल लिहायचा मोह आवरा, ही दुनिया लहान आहे, त्याच ग्रूपमध्ये त्या जजचा स्टुअर्ड असतो.

सर्टिफिकेट मिळालं तर नाव, रजिस्ट्रेशन नंबर, जजची सही तिथेच तपासा, नंतर दुरुस्त करायला फार फिरावं लागतं. आपली जागा झाडून, क्रेटखालचे पेपर उचलून निघा. घरी आल्यावर कान, पंजांच्या बेचक्या, शेपटीखाली गोचीड आहेत का बघा, आणि पुढचा आठवडाभर खोकला येतोय का यावर लक्ष ठेवा. केनेल कफ गर्दीतून पटकन लागतो, तेव्हा तेवढे दिवस बिल्डिंगमधल्या बाकीच्या कुत्र्यांशी त्याची गाठ न पडलेली बरी.